रस्ता बघण्याचा कार्यक्रम

केसरीनाथला कशाची भीती वाटते ते विचारू नका, कशाची वाटत नाही ते विचारा. उत्तर लवकर संपेल. लहानपणी तो बैलाला घाबरायचा, आणि शेतकऱ्याच्या घरात बैलाला घाबरणाऱ्या पोराची काय थट्टा होते ते ज्याचं त्याला ठाऊक. मोठेपणी तो तलाठ्याला घाबरायला लागला, मग बँकेतल्या पोरीला, मग फोन वाजला की फोनला. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडची माणसं घर बघायला आली, तेव्हा आईनं त्याला आधीच बजावलं होतं की गोठ्याकडं फिरकू नकोस, बैलानं मान हलवली की तू ओरडशील आणि सोयरीक मोडेल. तो मुकाट ओटीवर बसून राहिला, सोयरीक जमली आणि सीताबाई घरात आली. खरं काय ते तिला आठवड्याभरात कळलं. तिनं बैल स्वतः सोडला, स्वतः बांधला, आणि त्यावरून नवऱ्याला जन्मात कधी टोमणा मारला नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

गाव राहनाळच्या पुढं, हमरस्त्यापासून जरा आत. पूर्वी दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती आणि मधून बैलगाडीची वाट. आता खाचरांवर गोदामं उभी राहिलीत आणि त्या वाटेवरून कंटेनर धावतात. केसरीनाथची जमीनही गोदामांखाली गेली. भाडं येतं, खायची ददात नाही, फक्त करायला काही उरलं नाही. रस्त्याच्या पलीकडे, वळणाच्या आतल्या अंगाला, एक तुकडा तेवढा राहिलाय. त्यात सीताबाई भेंडी, मुळा, पालक लावते आणि पाटी भरून नाक्यावर विकायला बसते. पोटासाठी नव्हे हो, घरात बसलं की तिचे हात शिवशिवतात म्हणून.

आता एक गोष्ट सांगायची ती सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सीताबाईला ऐकू येत नाही. तरुणपणी ती कामतघरला मामाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायला जायची, लग्नानंतरही बरीच वर्षं गेली. त्या खडखडाटात माणसं शेजारी उभी राहून खुणांनी बोलतात. तिथंच तिचे कान थोडेथोडे गेले, आणि जे उरलं होतं ते पन्नाशीच्या आसपास संपलं. समोरच्याच्या ओठांवरून तिला सगळं कळतं, पण पाठीमागून कुणी हाक मारली की संपलं. गावाला वाटतं बाई शिष्ट आहे, हाकेला ओ देत नाही. तिच्या पोटच्या मुलाला, प्रितमला, वाटतं आई हट्टी आहे. तिला ते चालतं. शिष्ट म्हणा, हट्टी म्हणा, पण बहिरी म्हणू नका. बहिऱ्या म्हातारीला गावात काय काय म्हणतात आणि पोरंसोरं मागून कशी ओरडतात ते तिनं स्वतःच्या सासूच्या बाबतीत बघितलं होतं. म्हणून तिनं केसरीनाथला गावदेवीसमोर शपथ घातली होती की हे तुझ्यामाझ्यात राहील.

त्यामुळं झालं काय, की भित्र्या माणसाच्या सगळ्या भीती एका जागी गोळा झाल्या. सीताबाई रस्ता ओलांडायची ती फक्त डोळ्यांवर. वळणाच्या आत मोठं मोकळं मैदान होतं, पोरं तिथं क्रिकेट खेळायची. ती गटाराच्या कट्ट्यावर उभी राहायची आणि मैदानापलीकडून येणारी गाडी तिला लांबूनच दिसायची. गाडी नसली की पदर खोचायची आणि चालू पडायची. केसरीनाथ ओटीवर बसून बघायचा. ती पलीकडे पोचेस्तोवर त्याचा कप तोंडाला लागत नसे. रोज सकाळी हेच. पलीकडे गेली की जीव भांड्यात, परत यायची वेळ झाली की पुन्हा बाहेर.

अशात त्या मैदानावर शॉपिंग सेंटर येणार अशी बातमी आली.

बातमी आणली चांगदेवनं. चांगदेव माजी सरपंच, पण माजी हा शब्द त्याच्यासमोर कुणी काढत नाही. बिल्डर त्याच्या ओळखीचा. गावातल्या पोरांना आत गाळे मिळतील, बायांना कामं मिळतील, आपल्या दारात सरकता जिना येईल, असं त्यानं देवळात सांगितलं आणि गाव खुळावलं. प्रितमनं तर चपलांचं दुकान टाकायचं ठरवून पाटीचा रंगसुद्धा पक्का केला. मात्र एक अडचण होती. आराखडा करायच्या आधी बिल्डरचे सल्लागार वळणावर माणसं बसवून रस्त्यावरच्या गाड्या मोजणार होते. गाव चिंतेत पडलं. एवढे कंटेनर बघून ते म्हणाले की इथं गिऱ्हाईक यायचं नाही, आम्ही चाललो हमरस्त्यानं पुढं पडघ्याला, तर?

देवळाच्या पायरीवर सगळे डोकं खाजवत बसले होते. केसरीनाथ नेहमीसारखा खांबाआड होता. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की, मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण काय करतो? दारातलं सुकट काढतो, कुत्रा मागं बांधतो, दारू पिणाऱ्या काकाला मावशीकडं धाडतो. तसंच करायचं. ट्रक एक दिवस पडघ्याला थांबवायचे.

मग चांगदेवनं मांडीवर थाप मारली आणि उठून केसरीनाथला मिठी मारली. साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात गावानं केसरीनाथचं ऐकलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं जो तो म्हणायला लागला. गोदामांचा सुपरवायझर अनंता केसरीनाथचा भाडेकरू, तेव्हा त्याला फोन करायचं कामही केसरीनाथकडंच आलं, आणि त्या दिवशी फोनला तो घाबरला नाही.

खरोखर, मुलगी दाखवावी तसा रस्ता दाखवला त्यांनी. आदल्या संध्याकाळी झाडला, पाणी मारलं. एका उत्साही बाईनं वळणावर रांगोळी घातली, तिला कुणीतरी आवरलं. गाड्या मोजायला आलेल्या पोरांना चहा, पोहे, वर तळलेले बोंबील. ती बिचारी पोरं खुर्च्या टाकून बसली. रिक्षा गेली की खूण करायची, मोटारसायकल गेली की खूण करायची, आणि दुपारी जेवून झाडाखाली घोरायची. सगळे ट्रक तिकडं पडघ्याला धाब्यांसमोर उभे होते. सीताबाई त्या दिवशी पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालत गेली, इतका रस्ता रिकामा. केसरीनाथनं ओटीवर गरम चहा प्यायला.

पुढं काही महिन्यांनी गावाला आराखडा दाखवायला बोलावलं. शाळेच्या वर्गात पडदा लावला होता. बिल्डरकडचा एक तरुण, देवेश नावाचा, लाल ठिपक्याची बॅटरी फिरवून समजावत होता. पोरगा चांगला होता, हळू आणि सोपं बोलत होता. तळघरात पार्किंग. आत यायचं ते हमरस्त्याकडून. बाहेर पडायचं ते गावाच्या वळणावर, कारण मोजणीत या रस्त्यावर जड वाहनं जवळजवळ नाहीतच असं आलंय. हिरवे बाण आतून वळसे घेत घेत येत होते आणि सीताबाईच्या भाजीच्या तुकड्याला खेटून रस्त्यावर पडत होते. मग त्यानं बागेचं चित्र लावलं. वळणाच्या अख्ख्या आतल्या कडेनं मातीचा उंचवटा, त्यावर गवत, त्यावर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दाट मेंदीचं कुंपण आणि वर बॉटल पामची रांग. धूळ आणि रस्ता गिऱ्हाईकाच्या नजरेला पडायला नको म्हणून. गावानं टाळ्या वाजवल्या. बाया म्हणाल्या, किती हिरवं हिरवं.

केसरीनाथला कुंपणापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. म्हणजे चित्रात होतं ते सगळं दिसत होतं, पण त्याला सीताबाई दिसत होती, गटाराच्या कट्ट्यावर, समोर हिरवी भिंत, आणि भिंतीमागून येणारा कंटेनर. आणि दुसरीकडून, बाहेर पडायच्या फाटकातून, घाईनं बाहेर पडणाऱ्या गाड्या. ट्रक नाहीत म्हणून फाटक इथं आलं. ट्रक नाहीत, कारण ट्रक पडघ्याला होते. पडघ्याला होते, कारण हा बोलला होता. टाळ्या वाजवायला उचललेले हात त्यानं परत मांडीवर ठेवले.

त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. प्रितमशी बोलून बघितलं, तर तो म्हणाला, बाबा, तुम्हाला सावलीची पण भीती वाटते. वळणावर हॉर्न देतात की सगळे, ऐकू येतं माणसाला. आईला ते ऐकूच येत नाही, हे सांगायला शपथ आडवी आली.

मग सीताबाईलाच सांगावं म्हणून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला की भाजीचा नाद सोड आता, गुडघे दुखतात तुझे. तिनं त्याच्या ओठांकडं बघितलं, मग डोळ्यांकडं बघितलं.

“मी काय आंधळी हाय?” ती म्हणाली आणि पालक निवडायला लागली.

कुंपणाचं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. सांगितलं असतं तर ती विचारणार, असलं खुळं कुणी ठरवलं? आणि मग त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

शेवटी मन घट्ट करून तो चांगदेवकडं गेला. फाटक तेवढं पलीकडं सरकवा, कुंपण बुटकं करा, एवढंच मागितलं. चांगदेवनं त्याला बसवलं, सरबत दिलं, अगदी मायेनं. का म्हणून विचारलं, तर केसरीनाथला कारण सांगता येईना. ट्रक असतात ना, एवढंच पुटपुटला. मग चांगदेव तितक्याच मायेनं म्हणाला, “केसरी, ट्रक लपवायची आयडिया कोणाची? तुझी. फोन कोणी केला? तू. मोजणी खोटी हाय असं भाईर आलं, तर पोलीस पयला कोणाच्या दारात येतील?” सरबत तसंच ठेवून केसरीनाथ घरी आला आणि ओटीवर न बसता आतल्या खोलीत जाऊन पडला. पोलिसांची गाडी त्यानं आजवर फक्त लांबून बघितली होती. आता रस्त्यावर कुठलीही जीप थांबली की तो दार लावून घ्यायचा.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय खोटं नाही. बांधकामाला मंजुरी मिळायच्या आधीच बिल्डरनं मैदानाभोवती उंच पत्रे ठोकले आणि त्यावर झाडाझुडपांची, हसणाऱ्या माणसांची चित्रं लावली. एका दुपारी ठोकाठोक झाली आणि दुसऱ्या सकाळी सीताबाई पाटी घेऊन कट्ट्यावर उभी राहिली.

केसरीनाथ ओटीवरून बघत होता. ती थांबली. डावीकडं बघितलं, पत्रे. उजवीकडं मान वाकवली, पत्रे. तिला कळेना, मैदान गेलं कुठं. ती बराच वेळ उभी राहिली, एवढा वेळ ती कधी थांबत नसे. मग तिनं पदर खोचला. तेवढ्यात केसरीनाथला पत्र्यांमागून हॉर्न ऐकू आला, लांब, एकसारखा, आणि त्यामागं इंजिनाची घरघर.

“सीते!” तो ओरडला.

गल्लीतली कुत्री उठली, शेजारी खिडकीत आला, समोरची बाई भांडं टाकून दारात आली. फक्त जिच्यासाठी ओरडला तिनं मागं बघितलं नाही. ती चालायला लागली होती. केसरीनाथ उठायला गेला आणि त्याचे पाय उठलेच नाहीत. खोटं कशाला सांगू, त्याचे पाय जमिनीला खिळले ते खिळले. त्यानं डोळे मिटून घेतले. ब्रेकचा आवाज आला, मग हवेचा फुस्स असा आवाज, मग ड्रायव्हरच्या हिंदी शिव्या.

डोळे उघडले तेव्हा सीताबाई उभी होती. ट्रकचं नाक तिच्या पाटीला लागलं होतं आणि भेंड्या डांबरावर पसरल्या होत्या. ती खाली बसून एकेक भेंडी गोळा करत होती. ड्रायव्हर वरून ओरडत होता ते तिला कळत नव्हतं, कारण ती वर बघत नव्हती. गोळा करून झाल्यावर ती पलीकडे न जाता घरी परत आली. भांडं टाकलेली बाई म्हणाली, बघा किती गुर्मी, ट्रकलासुद्धा जुमानत नाही. सीताबाई ओटीवर आली. तिचा खालचा ओठ थरथरत होता. केसरीनाथनं तिला पाणी दिलं. दोघं शेजारी शेजारी बसले. तिला वाटत होतं आपण मरता मरता वाचलो. त्याला वाटत होतं, आपण बसून राहिलो.

त्यानंतर आठवडा झाला नाही तोच निरोप आला की मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून नेत्रा मॅडम जागा बघायला येणार. पार्किंग, रस्ता आणि बाग, तिन्ही नकाशे त्यांच्याकडं तपासायला होते आणि त्यांच्या शेऱ्याशिवाय काम पुढं जाणार नव्हतं. चांगदेवनं पुन्हा देवळात सगळ्यांना जमवलं. या वेळी चर्चा झालीच नाही. रस्ता झाडायचा, पाणी मारायचं, ट्रक पडघ्याला. फोन केसरीनाथ करील, तो आता यात मुरलाय, असं चांगदेव म्हणाला आणि सगळे हसले. केसरीनाथही हसला. भिणारा माणूस पहिल्यांदा हसतो, पळायचं कुठं ते मग बघतो.

मॅडम यायच्या त्या सकाळी तो फोन घेऊन बसला. अनंताचा नंबर लावला आणि कापला, लावला आणि कापला. शेवटी अनंताचाच उलटा फोन आला, की काका, गाड्या थांबवायच्या ना मागच्यासारख्या? केसरीनाथनं आत बघितलं. आतल्या खोलीत सीताबाई गुडघ्याला तेल चोळत होती. पत्रे लागल्यापासून ती तुकड्यावर गेलीच नव्हती. तिकडं भेंडी जून होत चालली होती आणि ती त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाला. “आज रोजच्यासारखं येऊ द्या.”

अनंतानं दोनदा विचारलं. दोनदा त्यानं तेच सांगितलं आणि फोन उशीखाली कोंबला, जणू तो पुन्हा वाजला तर जीवच जाईल.

नेत्रा मॅडम रिक्षातून उतरल्या. तरुण, डोक्याला रुमाल, बगलेत गुंडाळलेले नकाशे. प्रश्न साधे पण नेमके विचारत होत्या. दुकानांचा माल उतरवणारे टेम्पो कुठं उभे राहणार? दुचाक्यांना वेगळी जागा आहे का? पाम लावताय, त्यांची सावली कुणावर पडणार? देवेश उत्तरं देत होता, चांगदेव छत्री धरत होता, मागं अर्धं गाव. बायांमध्ये सीताबाईही उभी होती, कुणीतरी हात धरून आणली होती. मॅडमनी वळणावर नकाशा उघडला आणि म्हणाल्या, रस्ता तर शांत दिसतोय.

आणि पहिला कंटेनर आला. त्यामागं दुसरा. मग सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक, मग रिकामा ट्रेलर, खडखडत. धुरळा असा उडाला की नकाशा हातातून उडायला लागला. चांगदेवचा चेहरा पांढरा पडला. त्यानं वळून केसरीनाथकडं बघितलं, आणि केसरीनाथ दोन पावलं मागं सरला. चांगदेव लगेच सावरला. मॅडमना म्हणाला की पुढं हमरस्त्यावर काहीतरी अडलंय, म्हणून आज या गाड्या इकडून वळवल्यात. एरवी चिटपाखरू नसतं. देवेशनंही मान हलवली, त्या बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. मॅडमनी घड्याळ बघितलं, नकाशा गुंडाळायला घेतला. झालं, संपलंच होतं.

केसरीनाथ पुढं आला. कसा आला ते त्याचं त्याला माहीत नाही. मोजणी खोटी आहे असं बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि पोलिसांच्या जीपची आठवण होऊन ते आतच विरलं. जे बाहेर आलं ते भलतंच.

“मॅडम, कानांत बोटं घालून हा रस्ता वलांडून दाखवता?”

लोक हसले. चांगदेव म्हणाला, मॅडम, मनावर घेऊ नका, हा लहानपणापासून असाच भित्रा आहे, बैलाला घाबरायचा. पण मॅडम हसल्या नाहीत. बहुतेक त्यांना त्या माणसाचा चेहरा दिसला. त्यांनी नकाशा देवेशकडं दिला, पत्र्यांसमोर कट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि खरंच दोन्ही कानांत बोटं घातली. डावीकडं बघितलं, चित्रातली झाडं. उजवीकडं बघितलं, चित्रातली झाडं. थोडं थांबल्या. रस्ता रिकामा होता. त्यांनी पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

पत्र्यांमागून हॉर्न आला. गावानं ऐकला, देवेशनं ऐकला. मॅडमना तो ऐकू आला नाही. आणि केसरीनाथचे पाय या वेळी उठले. तो धावला, त्यांच्या दंडाला धरून मागं ओढलं आणि दोघं गटाराच्या कट्ट्यावर आदळले. कंटेनर समोरून गेला, इतका जवळून की त्याच्या वाऱ्यानं मॅडमच्या डोक्यावरचा रुमाल निघून गेला.

मॅडम बसल्या जागेवर लटलट कापत होत्या. त्यांनी केसरीनाथचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ते सुटत नव्हतं. केसरीनाथ स्वतःही कापत होता, दात वाजत होते, तरी म्हणत होता की भिऊ नका, गेला तो, गेला. असं कुणाला म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

धाप कमी झाल्यावर मॅडमनी विचारलं, “कोणाला ऐकू येत नाही, काका?”

केसरीनाथनं मान खाली घातली. चांगदेव काहीतरी बोलायला लागला, प्रितम बाबा, बाबा करत पुढं आला. केसरीनाथच्या डोळ्यांसमोर गावदेवी होती आणि तिच्यासमोर हात धरून उभी असलेली बायको. बोललो तर शपथ मोडते, गप्प राहिलो तर मॅडम रिक्षात बसून जातात. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, लहान पोरासारखं, सगळ्या गावासमोर.

सीताबाई बायांमधून बाहेर आली. कोण काय बोललं ते तिनं ऐकलं नव्हतं, पण कानांत बोटं घातलेली बाई तिनं बघितली होती आणि मॅडमचे ओठ वाचले होते. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं. रागावून बघितलं, यात शंका नको. मग ती मॅडमसमोर येऊन उभी राहिली. बोलली ते जरा जास्तच मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, आणि त्या आवाजावरून साऱ्या गावाला एका क्षणात सगळं समजलं.

“मला ऐकू येत न्हाय. दिसतं. तेवढं तरी राहू द्या.”

प्रितम जिथं होता तिथंच थांबला. मॅडम कट्ट्यावरून उठल्या, देवेशच्या हातातून बागेचा नकाशा घेतला, कट्ट्यावर पसरला आणि वळणावरच्या कुंपणावर पेननं एक फुली मारली. गाड्या पुन्हा मोजायच्या, आणि त्या दिवशी गावात कुणाला न कळवता, असं त्या देवेशला म्हणाल्या. चांगदेव छत्री मिटून निघून गेला. केसरीनाथ अजून कट्ट्यावरच बसून होता. सीताबाई त्याच्या शेजारी येऊन बसली आणि आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.